आंदणातला लॅपटॉप

रीता सकाळपासून घरभर शोधत होती. कपाटावर पाहिले, पलंगाखाली पाहिले, मनिषची ट्रॅक्टरच्या पान्यांची पेटीसुद्धा रिकामी केली. मनिष माझा मुलगा, तिचा नवरा. शेवटी ती ओसरीवर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, माझा लॅपटॉप पाहिला का जी तुमी?"

"मी कायले हात लावतो त्याले?"

आत माझी बायको शकुनबाई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "धानाच्या कोठीत हाय."

"कोठीत?"

"धानात पुरून ठेवला. धीमा झाला, धीमा झाला म्हणून तूच रडून राहिली होती ना? गेल्या साली तुह्या मामाजीचा मोबाईल बोडीत पडला, तवा तूच त्याले तांदळात ठेवला. झाला का नाही चांगला?"

ते खरे होते. बोडी म्हणजे आमच्या शेताच्या वरच्या अंगाचा लहान तलाव. त्यात माझ्या खिशातून मोबाईल पडला होता आणि तांदळाच्या डब्यात राहून पुन्हा बोलू लागला होता. तेव्हापासून शकुनबाईचा तांदळावर दवाखान्यापेक्षा जास्त विश्वास.

"पण आत्याबाई, तो ओला झाला होता. हा ओला नाही, म्हातारा झाला."

"म्हाताऱ्यालेही ऊब लागते," शकुनबाई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. मी पेपर वर धरला.

तिघांनी मिळून लॅपटॉप कोठीतून वर काढला. तूस झटकले, ओल्या फडक्याने पुसले. वरून तो अगदी नव्यासारखा दिसू लागला.

हा लॅपटॉप रीताच्या माहेरचा. ती साकोलीला कॉलेजात होती तेव्हा तिच्या वडिलांनी, इश्वरभाऊंनी, घेऊन दिला होता. लग्नात भांड्यांबरोबर तोही आंदणात आमच्याकडे आला आणि बरीच वर्षे कपाटावर पडून राहिला. आता त्याची गरज पडली ती टायपिंगच्या सरकारी परीक्षेसाठी. इंग्रजीची परीक्षा ती पास झाली होती. मराठीत मागच्या वेळी वेग कमी पडला आणि नापास झाली. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करायचा तर मराठीचे सर्टिफिकेट लागते. साकोलीच्या क्लासला ती बसने जायची, पण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की आमच्याकडे एकही हात मोकळा राहत नाही. सगळे घर चिखलात असते. क्लास सुटला, आणि परीक्षा तर पोळ्यानंतर लगेच.

एकदा जेवताना ती म्हणाली होती, "यावेळी नाही झाली तर सोडून देते. क्लासमधल्या पोरी मले काकू म्हणतात, अन् काकू नापास होते."

शकुनबाईने त्यावर तिच्या ताटात भाजी वाढली आणि गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिच्या मनाला लागले असे समजावे. लॅपटॉप धानात गेला तो त्यानंतरच.

धानातून निघाल्यावरही त्याची चाल तीच. चालू करावा, चहा ठेवावा, चहा प्यावा, कप विसळावा, मग कुठे पडदा उजळायचा. रीता सरावाला बसायची आणि अर्धा वेळ त्या फिरणाऱ्या गोलाकडे पाहण्यात जायचा.

रविवारी माझा पुतण्या प्रविण आला. तो वरठीकडे कारखान्यात नोकरीला आहे. मोटारसायकल आंब्याखाली लावली, वरचा घामट शर्ट काढून हेल्मेटमध्ये कोंबला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"वहिनी, याच्यात लिनक्स टाकू."

"ते का असते?" शकुनबाईने विचारले.

"मोठी माय, कम्प्युटर चालवणारी सिस्टिम असते. ती बदलायची. बंडी तीच, बैल तेच, फक्त बंडीतला बोजा उतरवायचा."

"बैल म्हातारा हाय म्हणते ना रीता."

"म्हणूनच तर बोजा उतरवायचा."

हे मला पटले. शकुनबाईलाही पटले असावे, कारण तिने प्रविणसाठी पोहे टाकले.

लिनक्स एक नसते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. धानाचे जसे वाण, तसे त्याचेही. कोणी भारी, कोणी हलके, कोणी दिसायला सुंदर, कोणी नुसते कामाचे. रीताने विचारले, "मंग मले कोनतं पाहिजे?"

"माह्या कम्प्युटरवर जे आहे तेच टाकतो. एक नंबर आहे," प्रविण म्हणाला, आणि पोहे संपायच्या आत जुने सगळे पुसून नवे टाकलेही.

दिसायला ते नवरदेवासारखे होते. निळाजांभळा पडदा, खाली रंगीत चिन्हांची रांग, बोट नेले की चिन्ह फुगायचे. शेजारचा गोपीचंद कुंपणावरून पाहत होता, तो आतच आला.

"हे तर टीव्हीपेक्षा जबरदस्त दिसून राहिलं गा!"

प्रविण खुशीत वरठीला परत गेला. दुसऱ्या दिवशी रीता रोवण्यातून आली, हातपाय धुतले आणि सरावाला बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"मामाजी, या इकडे. पाहा."

तिने काहीतरी भराभर टाइप केले आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडदा कोराच. मग एकेक अक्षर उमटू लागले, जत्रेतून परतणाऱ्या थकलेल्या माणसांसारखे, मागेपुढे.

"मी ओळ संपवून बसली, अन् हे आता पहिल्या शब्दावर हाय."

वर लॅपटॉप तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. शकुनबाईने त्याला हात लावून पाहिला. "भाकर भाजून घ्या याच्यावर," ती म्हणाली. रीता हसली नाही.

पुढच्या रविवारी प्रविण पुन्हा आला. आता त्याने अगदीच हलके आणले. ते टिचकी वाजवावी तसे चालू झाले. आम्ही सगळे वा वा म्हटले. रीताने मराठी लिहिले तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

"ह्या तर पेट्याच पेट्या," गोपीचंद म्हणाला. "कोनाचं लगन हाय?"

"मराठी अक्षरं वेगळी आणावी लागतात याच्यात," प्रविण म्हणाला. "नेटवरून आणतो. नाहीतर असं करू, आणखी एक वाण आहे माह्याजवळ, तोच टाकून पाहू." आणि त्याचे बोट बटणाकडे गेले.

रीताने त्याचे मनगट धरले.

"थांबा भाऊजी. तुमी न पाहता पेरून राहिले."

प्रविणने बोट मागे घेतले. तिचे म्हणणे बरोबर होते आणि ते आमच्यापैकी कोणालाही सुचायला हवे होते. आमच्याकडे कोणी कितीही शपथा घेऊन बियाणे दिले तरी ते सरळ शेतात पडत नाही. मूठभर बी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. मोड आले तर पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे, नाही तर बियाणे परत. शिवाय तलावाचे पाणी मिळते त्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उशिरा पिकणारा भारी धान आणि वरच्या, कोरड्या बांधीत लवकर येणारा हलका, हे शेंबडे पोरही सांगेल. शेजाऱ्याकडे पिकले म्हणून कोणी पेरत नाही. पण लॅपटॉप समोर आला आणि आमची सगळ्यांची अक्कल ओसरीवर राहिली.

"हे आतमधी न टाकता पाहता येत नाही का?" रीताने विचारले.

प्रविणने डोके खाजवले. "येते ना. पेन ड्राइव्हवरून चालवता येते. आतलं काहीच बदलत नाही. पसंत आलं तरच टाकायचं."

"मंग दोन इतवार हे काहून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं नाही. अन् मले वाटलं, माह्यी पसंत तुमाले पसंत येईन."

"तुमची पसंत तुमच्या बायकोले सांगा."

"ती भेटन तवा सांगतो," प्रविण म्हणाला. शकुनबाईने लगेच त्याच्यासाठी शहापूरच्या एका मुलीचा विषय काढला आणि लॅपटॉप बराच वेळ बाजूला पडला.

पण जाण्याआधी त्याने एकाच पेन ड्राइव्हवर बरेच वाण भरून दिले आणि कोणता कसा सुरू करायचा ते रीताला दाखवले. तो नावे वाचून दाखवत होता आणि शकुनबाई आमटी ढवळत ऐकत होती. एकाचे नाव पपी निघाले.

"पपी? कुत्र्याचं पिल्लू?"

"हो मोठी माय."

"घरात नको बाप्पा. पुढचं वाच."

"लुबंटू."

"गोपीचंदच्या बंटीचा भाऊ होय का?"

त्या आठवड्यात रीताची परीक्षा बाजूलाच राहिली, लिनक्सचीच परीक्षा सुरू झाली. दुपारी बांधीतून आली की एक वाण सुरू करायची. तिची कसोटी साधी होती. मराठी कळपट्टी नीट लागते का. बोटाबरोबर अक्षर उमटते का. पूर्ण सराव होईपर्यंत टिकते का. आणि, "भाऊजी वरठीले गेल्यावर मले एकटीले बंदचालू करता आलं पाहिजे." या शेवटच्या कसोटीवर दोन फार हुशार वाण पहिल्याच दिवशी गळाले.

उतारा वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते. मनिष शाळेत जात होता त्या वर्षांत गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता, तिथे मी अक्षरे शिकलो. वाचतो, पण एकेका शब्दाला नमस्कार करत जातो.

"मामाजी, तुमच्या वाचण्यानं माझी स्पीड बसून राहिली," रीता म्हणाली. "तुमी पुढचा शब्द सांगेपर्यंत मी दळून येईन."

मग ती पुस्तक स्वतःसमोर टेकवून बसली आणि मी नुसता शेजारी बसलो. चूक झाली की तिची जीभ बाहेर यायची. त्यावरून मी चुका मोजायचो.

लुबंटूची पाळी आली तेव्हा जीभ फारशी बाहेर आलीच नाही. पडदा साधा, काही नाचत नाही, काही फुगत नाही. आणि अक्षरे अगदी बोटांच्या पाठोपाठ.

"हे बरोबर चालते," ती म्हणाली. "माह्या बोटाच्या पुढेही नाही, मागेही नाही."

इतक्यात लॅपटॉप तापला आणि बंद पडला.

मग तिने सगळे वाण पुन्हा लावून पाहिले. कोणी लवकर, कोणी उशिरा, पण तापून बंद सगळेच पडले. प्रविणला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, मंग सिस्टिमचा दोष नाही. मशीनच संपली असन. सोडा आता."

रीताने झाकण लावले. लॅपटॉप कपाटावर ठेवला, त्यावर जुने वर्तमानपत्र टाकले आणि बांधीत आली. त्या दुपारी तिने सगळ्यांच्या पुढे रोवणा नेला. बायका गाणे म्हणत होत्या, तिचे तोंड बंद. एक रोप, दोन रोपे, पाण्यात हात नुसता धपाधप चालला होता. पाहणाऱ्याला वाटावे हिला कामाचा फार उत्साह आहे.

शकुनबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होती. शेवटी ओरडली, "का वो, तुह्या त्या मशिनीत कोनतंच बी जगत नाही का?"

"नाही आत्याबाई."

"सगळेच मरतात?"

"सगळेच."

"मंग बीले कायले शिव्या देता तुमी लोकं? एकाच बांधीत सगळं बी मरत असन तर बांधी खोदून पाहा ना! मातीत खोट असन!"

बांधावर मनिष ट्रॅक्टरखाली काहीतरी पिळत होता. त्याने बाहेर डोके काढले. "माय बरोबर म्हणून राहिली. खोलू संध्याकाळी."

उजेड होता तोपर्यंत ओसरीवर चादर अंथरून त्याने लॅपटॉप पालथा घातला आणि बारीक स्क्रू काढले. खालचे झाकण निघाले. आम्ही सगळे वाकून पाहिले.

आत हवा फेकायचा लहानसा पंखा होता. तो दिसतच नव्हता. त्याच्यावर तूस, त्याच्यावर कोंडा, त्याच्यावर धूळ, सगळे दाबून घट्ट बसले होते, उशी भरावी तसे. मनिषने चिमट्याने पात्यांमधून काहीतरी ओढून तळहातावर ठेवले. अख्खा धानाचा दाणा.

शकुनबाईने तो उचलला, उजेडाकडे धरला.

"हे तर आपलंच धान हाय."

"मंग कोनाचं असन, माय?" मनिष म्हणाला आणि हसू लागला. मी हसलो. कुंपणावरून गोपीचंदही हसला, त्याला काय झाले ते माहीत नसताना.

शकुनबाई उठून आत गेली. रीता तिच्या मागे गेली. मला आतले बोलणे ऐकू येत होते.

"आत्याबाई, तुमी म्हटलं नसतं तर आमी खोललाच नसता."

"मी पुरला नसता तर खोलाचं कामच नसतं."

"पहिलेपासून धीमाच होता तो."

"धीमा होता. बंद नव्हता पडत." मग जरा वेळाने, "जाय, तिकडे पाहा. तो मन्या पंखा तोडून टाकन."

मनिषने तोडला नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याने एकेक पाते झाडले, झाकण बसवले आणि सुरू केला. पंखा गुणगुणला. आधी त्याचा आवाजच येत नव्हता, हे आम्हाला आता कळले.

रविवारी प्रविण आला तो वाद घालायच्या तयारीने. "पाहा, म्हणजे माह्यावाल्यात खोट नव्हतीच. पुन्हा लावून पाहा." रीताने लावून पाहिले. बंद पडले नाही, हे खरे. पण अक्षरे पुन्हा तशीच, थकून भागून मागून येणारी. प्रविणने स्वतः एक ओळ लिहिली, दोन लिहिल्या, आणि मान हलवली.

"माह्या बांधीचा वाण आहे हा, वहिनी. तुमच्या नाही."

लुबंटू रीताने स्वतः टाकला. प्रविणला हात मागे बांधून बसायला सांगितले होते. एकदोनदा त्याचा हात आपोआप पुढे आला, तेव्हा शकुनबाईने उलथने दाखवले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात वेगळेच गेले. शकुनबाईने चूल स्वतःकडे घेतली आणि रीताला बांधीतून सगळ्यांच्या आधी घरी पाठवू लागली. बायकांनी टोमणे मारले, तर म्हणे, "माही सून हाय, मी पाठवते का तुमी?" चिखलात रोपे खोचून खोचून रीताची बोटे संध्याकाळी आखडायची. मग शकुनबाई मोहाच्या बियांचे तेल कोमट करून तिच्या बोटांना चोळायची आणि चोळून झाले की सांगायची, "आता ते तेलकट हात मशिनीले लावू नको, पूस पहिले." लॅपटॉपवर धुतलेल्या लुगड्याचा तुकडा आला. कोंबडी ओसरीच्या पायरीवर चढली तरी हाकलली जायची.

मी शेजारी बसायचो. कळांचा आवाज आधी अंगणात गारा पडल्यासारखा यायचा, थांबून थांबून. मग तो सलग येऊ लागला.

परीक्षा भंडाऱ्याला होती. मनिषला ट्रॅक्टर सोडता येईना, म्हणून मी गेलो. बसमध्ये रीता खिडकीशी बसली आणि पर्सवर बोटे चालवत होती. मी विचारले, "का लिहून राहिली?" म्हणाली, "दुकानाच्या पाट्या." मग मीही खिडकीतून पाट्या पाहत बसलो.

ती आत गेली. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तो थंड झाला. क्लासमधल्या मुली बाहेर येऊ लागल्या, आपसात मोठमोठ्याने बोलत. रीता सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"का झालं?"

"मामाजी, तिथं दुसरीच सिस्टिम होती."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "मंग?"

"मंग का? अक्षरं तर तिथंच होती जिथं असतात. पहिल्या दोन ओळी मी मागे पडली. मंग वाटलं, तुमी बाजूले बसून वाचून राहिले, अन् मले तुमच्यापुढे निघायचं हाय. पळाली मी. उतारा पूर्ण झाला."

"चुका?"

"जीभ चावली गेली दोनदा," ती म्हणाली. "मले भूक लागली. आलूबोंडा घ्या ना जी."

निकाल लागला तेव्हा हलका धान कापणीला आला होता. आम्ही सगळे वरच्या बांधीत होतो. क्लासच्या मॅडमचा फोन आला. रीताने विळा काखेत धरला, फोन कानाला लावला, "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाली आणि एकदम बांधावर बसली.

शकुनबाई धान टाकून धावली. "का झालं वो? सांग ना!"

"पास झाली, आत्याबाई."

"मंग अशी मटकन काहून बसली? मले वाटलं साप चावला!"

रीता हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मग उठली आणि पुढची पेंडी धरायला वाकली. शकुनबाईने तिच्या हातातून विळा काढून घेतला.

"दे इकडे. आता बोट कापून घेशीन. घरी जाय अन् त्या जागेचा अर्ज भर."

"अन् एवढी बांधी कोन कापन?"

"तू यायच्या आधी कोन कापत होतं?" शकुनबाई म्हणाली, आणि दोन्ही हातांत दोन विळे घेऊन माझ्याकडे वळली. एक तिने माझ्यापुढे धरला.